पथ्य न पाळणारा रुग्ण

रुग्णालयातल्या केसपेपरवर एक शेरा वरचेवर आढळतो : 'रुग्ण पथ्य पाळत नाही.' प्रगतिपुस्तकावरच्या 'अभ्यासात लक्ष नाही' या शेऱ्याचाच हा भाऊ. असा शेरा लिहिण्याचा अनुभव शिक्षकांना असतो. त्यामुळे त्याच्या आड किती गोष्टी दडलेल्या असू शकतात, हे त्यांना वेगळे सांगायला नको. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे यंत्राच्या आधाराने जगणाऱ्या आणि प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत तर या शेऱ्याला साठ वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. वैद्यकाने एक मोठा प्रश्न सोडवला आणि त्यातून अगदी वेगळ्या जातीचा दुसरा प्रश्न उभा राहिला, असा हा इतिहास आहे.

आधी थोडे गणित करू. माळशेज घाट चढून जुन्नर तालुक्यात आले, की पिंपळगाव जोगा धरणाच्या परिसरात मढ हे गाव लागते. कल्याणहून अहमदनगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडे, जाणारा रस्ता या गावावरून जातो. येथून पुणे शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. समजा, या गावातल्या एखाद्या शेतकऱ्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास काम करतात. डायालिसिसचे यंत्र हे काम आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येकी चार तास, म्हणजे एकूण १२ तासांत उरकते. वर्षाला १५६ खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर धरले, तर वर्षाचा प्रवास ३१,२०० किलोमीटर होतो. पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. अलीकडे लहान गावांतही डायालिसिस केंद्रे निघाल्याने हा आकडा अनेकांसाठी पुष्कळ कमी झाला आहे. तरी वाहनाची सोय, सोबत येणाऱ्या माणसाची बुडणारी मजुरी आणि यंत्रावरून उतरल्यावर येणारा थकवा उरतोच. आपल्याकडे कितीतरी रुग्ण तीनऐवजी दोनच खेपा करतात. त्याचे कारण पुष्कळदा पैसा आणि अंतर हेच असते.

आता पथ्यपाणी. हा जोडशब्द आपण सहज वापरतो. डायालिसिसच्या रुग्णाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे प्यायलेले पाणी पुढच्या खेपेपर्यंत शरीरातच साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. ते वाढले, की पायांवर सूज येते, रक्तदाब चढतो, फुप्फुसांत पाणी उतरून दम लागतो. म्हणून चहा, ताक, आमटी, भाजीचा रस असे सारे धरून दिवसभरात साधारण एक लिटरच्या आत भागवायला सांगतात. वर्गात एक लिटरचे मापपात्र ठेवून एका दिवसात आपण द्रवरूपाने किती घेतो याची नोंद मुलांना करायला सांगावी. पाणी कमी प्यायला मात्र सांगू नये, फक्त मोजायला सांगावे. वैशाखातल्या दुपारी हे मोजमाप केले, तर पुष्कळ काही आपोआप कळेल.

येथे शरीरशास्त्रातली एक बाब लक्षात घ्यायला हवी. तहान मनाच्या निग्रहाने शमत नाही. रक्तातले सोडियम वाढले, की मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातील संवेदक पेशी तहान जागी करतात. सुमारे नऊ ग्रॅम मीठ शरीरात गेले, तर रक्ताची क्षारता पूर्ववत राखण्यासाठी एक लिटर पाणी लागते. तेव्हा लोणचे, पापड, खर्डा चालू ठेवून 'पाणी कमी प्या' असे सांगणे म्हणजे रुग्णाला त्याच्याच मेंदूशी झुंजायला लावणे होय. दुसरी अडचण पोटॅशियमची. रक्तात ते फार वाढले, तर हृदय अचानक थांबू शकते. केळी, नारळपाणी, टोमॅटो यांत ते भरपूर असते. जुन्नर तालुक्यातले नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. ज्याच्या शेतातून टोमॅटोचे क्रेट भरून जातात, त्यालाच ते बेताने खावे लागतात. भाजी चिरून, उकळून, ते पाणी फेकून देणे हा त्यावरचा घरगुती उपाय. चव जाते, पण पोटॅशियमही जाते.

या सगळ्याला जेव्हा सुरुवात झाली, तेव्हा पथ्याचा विचार कोणाच्या मनात नव्हता. १९४३ साली जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये, कांपेन या गावी विलेम कोल्फ या डॉक्टरने पहिले उपयोगी कृत्रिम मूत्रपिंड बांधले. सॉसेज भरण्यासाठी मिळणारी सेलोफेनची नळी त्याने लाकडी पिंपाभोवती गुंडाळली आणि ते पिंप क्षारांच्या द्रावणात फिरवले. सुरुवातीचे रुग्ण एकामागून एक दगावले. १९४५ साली एक वृद्ध स्त्री शुद्धीवर आली आणि वाचली. परंतु दर वेळी नवी धमनी आणि नवी शीर कापावी लागत असल्यामुळे हे यंत्र काही दिवसांपुरतेच वापरता येई. मूत्रपिंडे तात्पुरती बंद पडलेल्यांना त्याचा उपयोग होता, कायमची गेलेल्यांना नव्हता.

मार्च १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी ही अडचण दूर केली. रुग्णाच्या हातातील धमनी आणि शीर टेफ्लॉनच्या नळीने जोडून ती नळी कायमची तशीच ठेवली. यंत्राला जोडायचे तेव्हा नळी उघडायची, एरवी बंद. क्लाइड शील्ड्स हा विमान-कारखान्यातला कामगार त्यांचा पहिला रुग्ण. तो त्यानंतर ११ वर्षे जगला. १९६६ साली टेफ्लॉनही गेले आणि धमनी व शीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडण्याची, आज सर्वत्र चालणारी फिस्तुलाची पद्धत आली.

मृत्यू असा पुढे ढकलला गेला. पण यंत्रे थोडी आणि रुग्ण फार. १९६२ साली सिॲटलच्या केंद्राने निवडीसाठी सात नागरिकांची समिती नेमली. तिच्यात एक धर्मोपदेशक होता, एक वकील, एक गृहिणी, एक बँकवाला, एक कामगार पुढारी. सदस्यांची नावे गुप्त होती. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकात शाना अलेक्झांडर यांचा लेख आला आणि एकच गदारोळ उठला. रुग्णाचे उत्पन्न, शिक्षण, कुटुंब, चर्चमधली हजेरी असल्या गोष्टी पाहून कोणाला जगवायचे ते ठरत होते. या प्रकरणाची आठवण नीतिशास्त्राच्या वर्गांतून नेहमी काढली जाते. माझ्या मते त्यातली दुसरी एक बाब तितकीच महत्त्वाची आहे. रुग्ण मनाने स्थिर आहे काय, सांगितलेले नीट पाळील काय, हेही निवडताना पाहिले जाई. म्हणजे दीर्घकालीन डायालिसिसच्या जन्मापासूनच पथ्यपालन ही उपचाराला पात्र ठरण्याची परीक्षा होती. नापास होणाऱ्याला काय अडचण आहे, हे विचारण्याची जागाच त्या रचनेत नव्हती.

ती जागा हळूहळू निर्माण झाली. १९७२ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातील राइक्समन आणि नॉर्मन लेव्ही यांनी २५ रुग्णांचा चार वर्षे केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना बहुतेक रुग्णांत तीन टप्पे दिसले. पहिले काही आठवडे किंवा महिने आनंदाचे असतात. मळमळ गेलेली, डोके हलके झालेले, मरणाच्या दारातून परत आल्याची भावना. मग उतरती कळा लागते. पूर्वीचे काम जमत नाही, घरातले स्थान बदलते, यंत्रावाचून सुटका नाही हे पक्के कळते. या काळात निराशा आणि हतबलता दाटते. त्यानंतर, सर्वांना नव्हे पण अनेकांना, एक प्रकारची तडजोड साधते. रुग्ण पथ्य मोडू लागतो तो पुष्कळदा मधल्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात त्याला पाहिलेल्या डॉक्टरांना वाटते, 'आधी किती छान ऐकत होता!'

याच सुमारास, १९७१ साली, हॅरी अब्राम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १२७ केंद्रांमधून ३,४७८ रुग्णांची माहिती गोळा केली. २० जणांनी आत्महत्या केली होती. परंतु ११७ जण उपचाराचे नियम न पाळल्यामुळे दगावले होते. अब्राम यांनी या ११७ मृत्यूंचाही समावेश आत्मघाती वर्तनात केला आणि त्यामुळे हे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या शेकडो पट दिसले. हे मोजणे मला पटत नाही. उन्हाळ्यात एखादा तांब्या पाणी जास्त पिणाऱ्या माणसाला मरायचे असते, असे कसे म्हणता येईल? त्याला तहान लागलेली असते. काहींच्या बाबतीत मात्र पथ्य सोडणे ही जगण्याचा कंटाळा सांगण्याची मूक रीत असू शकते, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यामुळे दोन्हींचा उलगडा होत नाही. तरीही नियम न पाळण्यामागे मनाची अवस्था असू शकते, हा विचार या लेखामुळे डॉक्टरांच्या टेबलावर आला, हे त्याचे श्रेय.

सगळेच मनावर ढकलणे किती धोक्याचे, याचेही उदाहरण त्याच दशकातले आहे. काही केंद्रांमध्ये जुने रुग्ण अडखळत बोलू लागले. त्यांचा स्वभाव बदलला, विसरभोळेपणा आला, झटके येऊ लागले आणि काही महिन्यांत ते दगावले. डेन्व्हर येथील आल्फ्री यांनी १९७२ साली या आजाराचे वर्णन केले आणि १९७६ साली त्याचे कारण सुचवले : ॲल्युमिनियम. डायालिसिसच्या एका खेपेला शंभर लिटरांहून अधिक पाणी रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहते. त्यातले ॲल्युमिनियम पातळ पडद्यातून रक्तात जाई. फॉस्फेट कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतही तेच होते. पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती सुधारल्या, गोळ्या बदलल्या आणि हा आजार जवळपास नाहीसा झाला. आज डायालिसिस केंद्रात जे मोठे जलशुद्धीकरण यंत्र दिसते, त्यामागे हा इतिहास आहे. वागणे बदललेल्या माणसाला स्वभावाचा दोष लावण्यापूर्वी पाणी तपासायला हवे, इतके त्यातून नक्कीच निघते.

आपल्याकडे डायालिसिस हा शब्द घरोघरी पोचला तो एका रुग्णामुळे. जयप्रकाश नारायण यांना २६ जून १९७५ च्या पहाटे अटक झाली आणि पुढे चंदीगढच्या रुग्णालयात त्यांना स्थानबद्ध ठेवण्यात आले. नोव्हेंबरमध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा मूत्रपिंडे निकामी झालेली होती. त्या महिन्यात त्यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयात आणले. डॉ. एम. के. मणी यांच्या देखरेखीखाली डायालिसिस सुरू झाले. वय ७३, मधुमेहाची जोड, पत्नी प्रभावतीदेवी दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या. या वयाच्या रुग्णाच्या बाबतीत प्रत्यारोपणाचा विचार त्या काळी सहसा होत नसे. म्हणजे त्यांची प्रतीक्षा शेवट नसलेली होती.

यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली. इंदिरा गांधींनी पंतप्रधान मदतनिधीतून ९०,००० रुपयांचा धनादेश पाठवला, तो जेपींनी परत केला. त्यानंतरच्या काळात १९७७ ची निवडणूक आली. आठवड्यात ठराविक दिवशी यंत्राला जोडून घ्यायचे आणि उरलेल्या दिवसांत सभा, भेटीगाठी, असा क्रम त्यांनी ठेवला. मार्च १९७७ मध्ये राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांनी त्यांच्या उपस्थितीत शपथ घेतली. मार्च १९७९ मध्ये ते जसलोकमध्ये असताना त्यांच्या निधनाची खोटी बातमी लोकसभेत पोचली आणि श्रद्धांजलीदेखील वाहिली गेली. प्रत्यक्षात ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. जवळजवळ चार वर्षे, आणि तीही त्या काळातल्या यंत्रांवर.

एका थोर माणसाच्या उदाहरणावरून 'इच्छाशक्ती असली की जमते' असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळावा. जेपींना काम होते, हे खरेच. आणि ज्याला काही काम उरले आहे त्याला दिवस काढणे सोपे जाते. पण त्यांच्याभोवती काळजी घेणारी माणसे होती, यंत्र घरापर्यंत आले होते, निष्णात डॉक्टर होते आणि देशभरच्या लोकांचे प्रेम होते. मढच्या शेतकऱ्याची इच्छाशक्ती कमी असते, असे मानायला काही आधार नाही. बाकीच्या गोष्टी मात्र त्याच्याजवळ नसतात.

पथ्य मोडण्याकडे बघण्याची दृष्टी बदलण्यात भारताचाही हात आहे, तो मात्र दुसऱ्या रोगाच्या निमित्ताने. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचाराचा प्रसिद्ध प्रयोग सुरू झाला. वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर त्याचे प्रमुख होते. झोपडपट्टीतले गरीब रुग्ण घरी राहून वर्षभर गोळ्या घेणार नाहीत, त्यांना आरोग्यधामातच ठेवायला हवे, असा तेव्हा समज होता. घरी राहिलेल्या रुग्णांना अचानक भेटी देऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. १९५९ साली निष्कर्ष आले : घरी राहिलेले रुग्ण आरोग्यधामातल्यांच्या जवळपास तितकेच बरे झाले. गरिबांविषयीचा एक समज तपासून पाहिल्यावर टिकला नाही. पुढे १९७६ साली कॅनडातील सॅकेट आणि हेन्स यांनी या विषयावर ग्रंथ संपादित केला. तेव्हा वापरात असलेल्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'आज्ञापालन' याच्या जवळ जाणारा होता. २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अहवाल काढला, त्यात 'संमतीने चिकटून राहणे' अशा अर्थाचा शब्द आला. विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांचे सरासरी निम्मेच रुग्ण उपचार नीट पाळतात, असे त्यात म्हटले आहे. कारणांमध्ये रुग्णाच्या स्वभावाबरोबर पैसा, आरोग्यसेवेची रचना, रोगाचे आणि उपचाराचे स्वरूप हेही मांडले आहे. आपला 'पथ्य' हा शब्द या दोन्हींपेक्षा जुना आणि अधिक शहाणा वाटतो. पथ म्हणजे वाट. वाटेला धरून असेल ते पथ्य. मग वाट चालण्याजोगी आहे काय, हा प्रश्न ओघानेच येतो.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत महिन्यातून एखादी तरी खेप चुकवणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत सुमारे आठ टक्के, तर जपान आणि युरोपात एक टक्क्याहूनही कमी निघाले. खेप चुकवणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक होता. देशादेशांत दहा पटींहून अधिक फरक पडत असेल, तर तो केवळ एकेका रुग्णाच्या शिस्तीचा फरक म्हणता येत नाही.

नैराश्याचे काय? २०१३ साली जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. डायालिसिसवरच्या रुग्णांची मुलाखत घेऊन निदान केले, तर सुमारे २३ टक्के, आणि प्रश्नावली भरून घेतली तर सुमारे ३९ टक्के रुग्णांत नैराश्य आढळते. दोन आकड्यांतल्या फरकाचे एक कारण शिकण्यासारखे आहे. थकवा, झोप न लागणे, भूक मंदावणे ही नैराश्याची लक्षणे आहेत आणि रक्तात साठलेल्या टाकाऊ द्रव्यांचीही. प्रश्नावलीला हा भेद कळत नाही. समोर बसून बोलणाऱ्याला बराचसा कळतो. २०१९ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत काही रुग्णांना नैराश्यावरचे औषध दिले, तर काहींशी प्रशिक्षित समुपदेशक डायालिसिसच्या खुर्चीशेजारीच बसून ठरलेल्या पद्धतीने बोलले. १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत सुधारणा दिसली; औषधाने थोडी अधिक, पण त्याचे दुष्परिणामही अधिक. चार तास एका जागी असलेल्या माणसाशी बोलायला वेगळी वेळ काढावी लागत नाही, हे त्यातले व्यावहारिक शहाणपण.

आता प्रत्यारोपणाकडे वळू. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी जुळ्या भावांमध्ये पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करून पाहण्यात आले आणि १९७१ साली वेल्लोरमध्ये जिवंत दात्याच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन या औषधामुळे यश वाढले, आणि त्याबरोबर मूत्रपिंडांचा बाजारही. तो रोखण्यासाठी १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो प्रथम लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. या कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता दिल्यामुळे मृत दात्याच्या अवयवाची वाट पाहणारी अधिकृत यादी शक्य झाली. अवयवांचे वाटप करणारे विभागीय केंद्र २००० साली मुंबईत आणि नंतर पुण्यात व इतरत्र निघाले. डायालिसिसवर काढलेल्या काळाला यादीत गुण मिळतात.

ही प्रतीक्षा एरवीच्या रांगेसारखी नसते. रेशनच्या रांगेत आपला क्रमांक किती पुढे सरकला ते दिसते. येथे रक्तगट जुळावा लागतो, आणि कोणाच्या तरी घरी मृत्यू घडल्याशिवाय आपली पाळी येत नाही, ही टोचणी सतत असते. घरातले कोणी मूत्रपिंड द्यायला तयार असेल, तर वेगळाच गुंता. आपल्याकडे जिवंत दात्यांमध्ये स्त्रिया बहुसंख्य आहेत. आई देते, पत्नी देते. घेणाऱ्याच्या मनावर त्याचे ओझे राहते आणि देणारीला खरोखर नको म्हणण्याची मोकळीक होती काय, हे विचारायला हवे. पूर्वतपासणीत समुपदेशकाची गाठ घालतात ती यासाठीही. शिवाय प्रत्यारोपणाने पथ्य संपत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. त्या मध्येच सोडणे हे चांगले चाललेले मूत्रपिंड गमावण्याचे एक प्रमुख कारण आहे.

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेल्या जीवनदायी योजनेने, जिचे नाव आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, डायालिसिस आणि प्रत्यारोपणाच्या खर्चाचा भार पुष्कळ हलका केला. प्रवासाचा, बुडालेल्या मजुरीचा आणि सोबतीला येणाऱ्या माणसाचा खर्च मात्र घरच्यांवरच राहतो. शाळेत एखादा मुलगा आठवड्यातले ठराविक दिवस गैरहजर राहत असेल, तर तो वडिलांना केंद्रावर नेत असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी. रुग्ण अथवा घरचे कोणी फार खचलेले दिसले, तर १४४१६ या 'टेलि-मानस' च्या सरकारी दूरध्वनीवर मराठीतही बोलता येते.

मृत दात्याचे मूत्रपिंड मिळाले, की केंद्राचा फोन कोणत्याही वेळी येतो. ते बर्फात ठेवले तरी साधारण एका दिवसाच्या आत बसवावे लागते, आणि जितके लवकर तितके चांगले. म्हणून यादीतल्या रुग्णाने फोन कायम चालू ठेवायचा, लांब जायचे नाही, ताप-खोकला अंगावर काढायचा नाही, एकही खेप चुकवायची नाही. वजन वाढलेले किंवा पोटॅशियम चढलेले असेल, तर भूल देता येत नाही. मढसारख्या गावातल्या माणसाने पावसाळ्यात मध्यरात्री निघायचे म्हणजे गाडी कोणाची, चालक कोण, पैसे कोठून, हे आधीच ठरवून ठेवावे लागते. शिवाय एका मूत्रपिंडासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात. दाता आणि रुग्ण यांच्या रक्ताची शेवटची जुळणी-चाचणी होते. ती एकाची जमते. बाकीचे सकाळी परत निघतात आणि त्या दिवशी खेप असेल, तर वाटेतच केंद्रावर उतरतात.